टोकाचं बूच

ऑगस्टमधल्या त्या बुधवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, बावीस टनांचा गर्डर मुन्शिशी नदीवर लटकला तो लटकलाच. क्रेन खाली घेईना, वर घेईना, वळायचं तर नावच नाही. माझा इशाऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. इशारे देणं हे माझं काम. अकरा वर्षं मी एकाच क्रेनला इशारे देत होतो आणि तिच्या खुर्चीत अकरा वर्षं एकच माणूस बसत होता, बा कापांब्वे. माझे सासरे.

रेडिओवर त्यांचा आवाज आला. "लुकोंडे, पडदा लाल झालाय. दांडी हलवतोय, पण काही होत नाही."

"बंद करून परत चालू करा ना, बापोंगोशी," मी म्हणालो. सासऱ्याला आमच्यात अशीच हाक मारतात.

"दोनदा केलं. तू काय मला आज शिकवणार?"

ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे वारा. सकाळी गवताचं पातं हलत नाही आणि अकराच्या सुमारास नदीच्या अंगाने धुळीचा लोट उठतो तो दिवस मावळेपर्यंत. म्हणूनच आम्ही गर्डर उजाडल्याबरोबर उचलायचो. अठरा मीटर लांब लोखंडी भिंत ती, वाऱ्याने तिला रेटलं की पूर्ण लांबवलेल्या हाताची क्रेन तिच्याबरोबर कलंडणार. अकराच्या आत गर्डर खांबावर बसला नाही तर काय होणार हे मक्याच्या पिठाची न्शिमा रांधणाऱ्या आमच्या बाईलाही कळत होतं.

ब्रेक हाताने सैल करून ओझं सरळ खाली सोडता येतं. पण गर्डर खांबापासून दोन हात बाजूला होता आणि त्याच्या बरोबर खाली लाकडी मचाण. मचाण मोडून तो नदीत गेला असता आणि त्या हिसक्याने क्रेनही गेली असती. आधी वळायला हवं होतं, आणि वळणं बंद होतं.

साइट मॅनेजर सिलुमेसी धावत आले. माणसं लांब केली, मचाण रिकामं केलं, मग सासऱ्यांना म्हणाले, "बा कापांब्वे, तुम्ही खाली उतरा."

"लटकतं ओझं सोडून चालक उतरत नाही, सर. तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"मी सांगतोय म्हणून उतरा!"

"आधी कागद बदला. मग उतरतो."

हा माणूस असाच. छप्पन्न वर्षांचा, निवृत्तीला चार महिने राहिलेला, आणि खुर्चीला चिकटलेला. मला त्यांचा राग आला. घरी माझी बायको, म्हणजे त्यांची मुलगी, न्याहारीची भांडी घासत असेल आणि तिला यातलं काहीच माहीत नसेल, हे सारखं मनात येत होतं.

चाळीस किलोमीटरवरच्या खाणीवर पिकअप पाठवली होती, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाना माव्हुतोला आणायला. सव्वानऊला ती आली.

बाना म्हणजे आई. आमच्यात बाईला पोराच्या नावाने ओळखतात, आणि तिच्या पोराचं नाव माव्हुतो, म्हणजे संकटं. तो जन्मला त्या वर्षी तिचा नवरा दुसरीकडे राहायला गेला, घराची भिंत बसली, आणि कारखान्याने तिला 'बाळंतीण बाई यंत्राखाली कशी शिरणार' म्हणून काढून टाकलं. "मग काय नाव ठेवायला हवं होतं, आनंद?" असं ती विचारायची. यंत्र बंद पडलं की ती येणार, त्यामुळे आमची पोरं तिला भानगडीची आई म्हणायची. तिच्या तोंडावर म्हणायची, आणि तिलाही ते चालायचं. खरं नाव तिसाउके सोको. पूर्वेकडच्या न्गोनी जमातीची. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्या टेबलाखाली बसून ती तारा जोडायला शिकली.

तिची काम करायची रीत बघून नवीन माणूस चिडायचा. मल्टिमीटर ती चितेंगेच्या कापडात गुंडाळून तान्ह्या पोरासारखा पाठीला बांधायची, कारण पिकअपच्या हौद्यात त्याला हादरे बसतात. आल्या आल्या यंत्राकडे बघायची नाही. एकेकाला नमस्कार, घरचं कसं काय, पोरं बरी आहेत ना. त्या दिवशीही तिने तेच केलं, तेही मॅनेजर नखं कुरतडत असताना. मग जमिनीवर बसून तिने आम्हा सगळ्यांना एकच विचारलं.

"शेवटचं नीट कधी चाललं?"

"काल," मी म्हणालो. "म्हणजे काल मध्ये एकदा पडदा लाल होऊन गेला. आपोआप बरा झाला."

"परवा?"

"परवाही एकदा."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी नाही."

"म्हणजे शनिवार ते सोमवारमध्ये काहीतरी झालं. कशाला हात लावलात?"

पोरांनी नकारार्थी माना हलवल्या. तिने रेडिओ घेतला. "बा कापांब्वे, मी बाना माव्हुतो. कुठल्या तारेला हात लावलात का?"

"तारेला? नाही."

"बरं. आता मी दोन मिनिटं सगळी वीज बंद करणार आहे. ब्रेक स्प्रिंगचे आहेत, विजेवर नाहीत, धरून ठेवतील. घाबरू नका."

"घाबरतं कोण? उंदीर खाणाऱ्या बाईला घाबरू का मी?"

"असू दे, माकड खाणाऱ्या म्हाताऱ्या. गप्प बस आता."

सिलुमेसींनी कपाळावर आठ्या घातल्या, पण ते पश्चिमेकडचे असले तरी त्यांना हे ठाऊक होतं. आमच्या बेंबा जमातीचे पणजोबा आणि तिच्या न्गोनींचे पणजोबा एकमेकांचे गळे कापायचे. आता गळे वाचले, नुसत्या जिभा चालतात. बेंबा न्गोनीला उंदीरखाऊ आणि न्गोनी बेंबाला माकडखाऊ, काहीही बोलू शकतो, मयताच्या दारात उभा राहूनसुद्धा, आणि त्याचा कुणी राग धरत नाही. त्या बोलण्याची कुठे साक्ष होत नाही, त्यावरून कुणाला दंड होत नाही. जो रागावेल तो हलका ठरतो.

ती केबिनमध्ये चढली, सासऱ्यांच्या गुडघ्यांजवळ वाकली आणि मीटरच्या दोन सुया एका सॉकेटमध्ये घातल्या. खाली आली तेव्हा तिने आकडा आम्हाला दाखवला. एकशेवीस.

"मग?" मॅनेजर म्हणाले.

"साठ हवा होता." तिने मातीत काडीने एक लांब रेघ ओढली. "सर, या क्रेनमध्ये चौदा डबे आहेत. इंजिनाचा, दांडीचा, ब्रेकचा, वजन मोजणारा. सगळे एकाच पिळलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या तारांच्या दोन्ही टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहमचा रेझिस्टन्स असतो, विजेला अडवणारा दाणा. दोन्ही जागेवर असले की विजेला दोन वाटा मिळतात, म्हणून निम्मा, साठ दिसतो. एक निघाला तर एकशेवीस. टोक उघडं राहिलं की शब्द तिथे आपटून परत येतो, विहिरीत हाक मारल्यासारखा. डब्यांना कळेनासं होतं की आत्ताचा शब्द कुठला आणि परत आलेला कुठला. थंड असताना निभावतं. तापलं की सगळे घाबरून गप्प."

"मग टोक कुठे आहे?"

"एक केबिनमध्ये, सीटखाली. ते बघितलं, ठीक आहे. दुसरं..." तिने वर बघितलं. क्रेनचा हात उंच गेला होता, टोक डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. "नकाशाचं पान नाहीये तुमच्याकडे. अशा बहुतेक क्रेनमध्ये ते वर, हाताच्या शेंड्याला असतं."

तिने 'उघडं टोक' म्हटलं तेव्हाच मला सोमवारची सकाळ आठवली.

आता सांगतो. आमच्या साइटवर रात्री चोर येतात. तांब्याचा तुकडा, पितळी झाकण, बॅटरीची टोपी, काहीही सोडत नाहीत. म्हणून सासऱ्यांची अकरा वर्षांची सवय होती. सुट्टी झाली की क्रेनवर हाताने निघेल ते सगळं काढायचं, चितेंगेत गाठोडं बांधायचं, सायकलवरून घरी न्यायचं, सकाळी परत लावायचं. अकरा वर्षांत त्यांच्या क्रेनचा एक खिळा गेला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने गाठोडं धरलं. सिलुमेसींनी लेखी ताकीद दिली: कंपनीचा एकही भाग पुन्हा बाहेर दिसला तर घरी जा. पण चोर काही कंपनीची ताकीद वाचत नाहीत. सासऱ्यांनी फक्त फाटक बदललं, मागच्या वाटेने जाऊ लागले.

सोमवारी सकाळी गाठोड्यात एक बूच कमी निघालं. अंगठ्याएवढं, काळं, हाताच्या बुडाशी मागच्या बाजूला, क्रेनचा तोल सांभाळणाऱ्या वजनांच्या आड एका सॉकेटवर बसायचं. जादा हात जोडायचा असेल तेव्हा लागतं ते सॉकेट. आम्ही कधी जोडला नव्हता. बूच वाटेत कुठेतरी पडलं. "त्याला पुढे तार आहे का? नाही. मग धूळ जाऊ नये म्हणूनच असणार," ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं. त्यांनी दुधाच्या पिशवीचा तुकडा बसवला, वर ट्यूबची रबरी पट्टी बांधली. पिशवी मी धरली, गाठ त्यांनी मारली.

ते बोलले नाहीत कारण तिने तारेचं विचारलं होतं. मी बोललो नाही, त्याला काय कारण देऊ? माझ्या कोपराला लागून सिलुमेसी उभे होते. बोललो असतो तर चार महिने राहिलेल्या माणसाची नोकरी तिथेच संपली असती. आणि आमच्यात जावई सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नाही, चारचौघांत त्यांची चूक दाखवणं तर दूरच. असं करणाऱ्याला दोन्ही घरं बंद होतात. पण खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो. ती बुडापासून बघत वर जाईल आणि तिचं तिलाच दिसेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि मूग गिळून गप्प बसलो.

ती बुडाकडे गेलीच नाही. तिने पट्टा कमरेला बांधला, दोन दोर घेतले आणि पायातले बूट काढले.

"वर जाणार? हाताला उतार आहे, शिडी नाही," मॅनेजर म्हणाले.

"दहा वाजले, सर. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर सांगा."

त्यांच्याकडे नव्हतं. ती चढू लागली. एक दोर पुढे अडकवायची, मागचा सोडायची, पोटावर सरकायची. पाठीला चितेंगेत बांधलेला मीटर. पाच मीटर. आठ. मी मनात म्हणत होतो, थांब, आता थांबेल. दहा मीटरवर ती थांबली, दम घेतला आणि परत सरकली.

तेवढ्यात गवत हललं.

पहिली झुळूक होती, फार मोठी नव्हती. गर्डरचं एक टोक हळूच फिरलं आणि तो फिरू नये म्हणून लांबून दोर धरलेली चार माणसं दोन पावलं ओढली गेली. केबिनच्या काचेतून सासरे दिसत होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, देवळात बसल्यासारखे. आता तिच्या कानाशी जाऊन सांगायची सोय राहिली नव्हती. जे सांगायचं ते ओरडूनच, सगळ्यांसमोर.

माझं डोकं त्या वेळी कसं चाललं मला ठाऊक नाही. मी तोंडाशी हात नेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"ए उंदीरखाऊ!"

सगळे माझ्याकडे वळले. ती वर थबकली.

"कुठे निघालीस झाडावर? झाडावर चढायचं काम आमचं, माकडखाऊंचं! तुम्ही न्गोनी उंदीर धरता तो बुडाशी! बिळाच्या तोंडाला पिशवी बांधून! विसरलीस का आज्यांची विद्या?"

"लुकोंडे!" सिलुमेसी कडाडले. "माणूस मरायला टेकलाय आणि तुला थट्टा सुचतेय?"

"मयतातसुद्धा चालते, सर," मी म्हणालो.  आणि परत ओरडलो, "मागे बघ! वजनांच्या आड! बीळ तिथे आहे, पिशवी तिथे आहे, रबराची गाठसुद्धा मारलीय तुझ्यासाठी! आंधळे!"

 मग वरून तिचं हसणं ऐकू आलं, पण ते हसणं बरं नव्हतं.

"माकडखाऊ! माझ्या पणज्याला बघून तुझा पणजा झाडावरच चढून बसला होता, ठाऊक आहे मला! थांब, खाली येऊन तुझी शेपटी उपटते!"

ती उतरू लागली. चढली त्याच्या दुप्पट वेगाने उतरली, तळवे सोलून निघाले होते. माझ्याकडे न बघता ती वजनांच्या मागे गेली. मी पाठोपाठ गेलो. पिशवी, पट्टी, गाठ. गाठ तर अगदी देखणी होती, म्हाताऱ्या हातांची. तिने ती सोडली, आतलं उघडं सॉकेट बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "हे मी जमिनीवर होते तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी पडले असते तर माव्हुतोला काय सांगितलं असतंस?"

मी खाली पडलेली रबरी पट्टी उचलून तिच्या हातात दिली. 

तिच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी असायची. त्यातून तिने गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टन्स काढला, त्याचे दोन पाय वाकवून सॉकेटच्या दोन भोकांत बसवले, वरून तीच पिशवी घातली आणि तीच रबरी पट्टी गच्च बांधली. केबिनमध्ये जाऊन परत सुया लावल्या. मी बाहेरून बघत होतो. तिने मीटर काचेला लावून मला दाखवला. साठ.

वीज आली. पडदा लाल, लाल, मग हिरवा.

"दांडी ऐकतेय," रेडिओवर सासरे म्हणाले. बस, एवढंच.

पुढची वीस मिनिटं मी हात वर केले, खाली केले, मूठ मिटली, बोट फिरवलं. वारा आता येऊन-जाऊन होता. एकदा गर्डर इतका फिरला की दोरावरचा एक जण फरफटत गेला, आणि मी मूठ आवळून सगळं थांबवलं. झुळूक ओसरेपर्यंत मूठ तशीच ठेवली. मग वीतभर डावीकडे, मग खाली, अजून खाली. दहा पन्नासला गर्डर खांबावर टेकला. अकराला धूळ अशी उठली की क्रेन दिसेनाशी झाली.

सिलुमेसी वही घेऊन आले. "काय झालं होतं?"

"टोकाचं बूच नव्हतं जागेवर," बाना माव्हुतो तळव्यांवर पाणी ओतत म्हणाली. "दिसतं बूच, पण त्याच्या पोटात रेझिस्टन्स असतो."

"कुणी काढलं?"

"मीटर ओहम सांगतो, सर. नावं सांगत नाही."

"आणि ही पिशवी कुणी बांधली?"

"मी. आत्ताच. तुमच्यासमोर."

ते माझ्याकडे वळले. "तू काहीतरी पिशवीचं ओरडत होतास."

"थट्टा होती, सर."

त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मूर्ख माणूस नव्हता तो. पण थट्टेतलं बोलणं पुरावा म्हणून धरणारा माणूस आमच्या देशात अजून जन्मायचाय, आणि पहिला व्हायची त्यांची इच्छा दिसली नाही. वही मिटून ते निघून गेले.

सासरे केबिनमधून उतरले ते माझ्या अंगावरून सरळ पुढे गेले. गुरुवारी बोलले नाहीत. शुक्रवारी, शनिवारी फक्त इशारे आणि दांडी. बायको म्हणाली, "बाबांची चूक तू नदीकाठी ओरडून सांगितलीस. कोंबडा घेऊन जा." आमच्यात अशा वेळी तेच करतात. रविवारी दुपारी पांढरा कोंबडा काखेत मारून मी सासऱ्यांच्या दारात गेलो, गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या आणि खाली बघत बसलो. कोंबडा आत गेला, पण मला आत बोलावणं येईना.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी हाक मारली. आत बघतो तर चटईवर बाना माव्हुतो बसलेली, तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. तिला सासऱ्यांनीच बोलावलं होतं. तिने पुढ्यात एक नवं बूच ठेवलं होतं, वरून लालभडक रंगवलेलं.

"हे लाल आहे," ती त्यांना सांगत होती. "लाल दिसलं की हात लावायचा नाही. सगळ्या यंत्रांवरची मी रंगवणार आहे. बाकी काय ते गाठोड्यात न्या."

"तू तारेचं विचारलंस," सासरे म्हणाले. "तारेला मी हात लावला नव्हता. मी खोटं बोललो नाही."

"नाही बोललात. पण मेला असतात, माकडखाऊ."

"माहीत आहे."

न्शिमा आली, कोंबडा आला. कोंबड्याचा पेटा, म्हणजे पोटातली दाणे दळणारी चिवट पिशवी, आमच्यात घरातल्या कर्त्या पुरुषाचा. बाईला तर तो कधीच देत नाहीत, त्यातून न्गोनी बाईला! रीतीप्रमाणे सासूबाईंनी तो सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो उचलला आणि मधोमध फाडला. अर्धा तिच्या ताटात टाकला.

"खा. उंदरापेक्षा बरा लागेल."

ती हसली नाही. चिंध्या बांधलेल्या हाताने तिने तो उचलला. मग सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता उरलेला अर्धा माझ्या न्शिमावर ठेवला, आणि स्वतः नुसत्या रश्श्यात घास बुडवून खायला लागले.